एका दमात दहा किलोमीटर

माणूस चालायला लागला की वजन घटतं म्हणतात. माझं काही घटलं नाही, किस्से मात्र वाढले! परवा डोंबिवलीत एका बारशाला दोन सांगितले, तर तिसरा ऐकायला लोक जिलेबीच्या ताटल्या घेऊन माझ्याभोवती बसले. मी जिलेबीकडे बघत सांगत होतो, कारण माझ्या ताटलीत काकडी होती.

काकडीचं कारण आधी सांगतो. डॉक्टरांनी माझा साखरेचा रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन महिने देतो. गोड बंद, रोज चालणं चालू. आणि तीन महिन्यांच्या आत मला एका दमात दहा किलोमीटर चालून दाखवा. मग पुन्हा रक्त तपासू. नाहीतर इंजेक्शन सुरू."

मी हसत हसत "दाखवतो की!" म्हणालो आणि बाहेर येऊन जिना उतरताना कठडा घट्ट धरला. माझे वडील शेवटची सहा वर्षं इंजेक्शनवर होते. आधी त्यांच्या पायाची दोन बोटं गेली, मग चालणं गेलं. त्यांना सुई टोचायचं काम माझ्याकडे असायचं. मी फार घाबरलो होतो, उगाच कशाला लपवू?

* * *

आमची मुलगी ऋचा पुण्यात नोकरी करते. तिने मला एक वेबसाइट लावून दिली. नकाशावर क्लिक करत गेलं की रस्त्यावर निळी रेघ उमटते आणि किती किलोमीटर झाले ते कोपऱ्यात दिसतं. तेच फोनवरही आहे. आपण चालू तशी रेघ पुढे सरकते.

मी राहतो डोंबिवलीत, नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, परचेसला. सगळी नोकरी तीन-तीन कोटेशनं मागवण्यात गेली. त्यामुळे एकदम उठून चालायला जाणं मला जमेना. मी आधी पर्याय मागवले! डोंबिवली पूर्व ते पश्चिम, कल्याणला दुर्गाडीपर्यंत, ठाण्यात तलावपाळीभोवती. प्रत्येक रूटला नाव दिलं, चढ कुठे आहे, सावली कुठे आहे त्याच्या नोंदी केल्या. चार दिवस मी खुर्चीतून उठलो नाही.

पाचव्या दिवशी ईमेल आली, "अभिनंदन! या आठवड्यात तुम्ही एकतीस किलोमीटर चाललात!"

रूट सेव्ह करताना मी दरवेळी भलतंच, ‘चालून झालं’चं बटण दाबत होतो. ती ईमेल ऋचालाही गेली होती आणि तिने कौतुकाने आईला फोन केला. मंजिरी, म्हणजे माझी बायको, फोन कानाला लावून बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं.

"हो गं," ती ऋचाला म्हणाली, "खुर्चीला चाकं आहेत ना, त्यांनी मोजलं असेल!"

* * *

मग मात्र जोडीदार शोधणं भाग पडलं. एक मिळाला म्हात्रे. हा आमच्याच कारखान्यात स्टोअर्सला, राहायलाही डोंबिवलीत, आणि मला ‘पक्या’ म्हणणारा कारखान्यातला एकमेव माणूस. दुसरे सबनीस सर, आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे शिक्षक. म्हात्रे मजेसाठी येणार होता. सर येणार होते कारण माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही दोन किलोमीटर चाललो आणि त्या आनंदात मी फोनमधलं ट्रॅकिंग बंद करायला विसरलो. फोन तसाच खिशात. आंघोळ केली, कंपनीच्या बसमध्ये बसलो, बस कल्याण-शीळ रस्त्याला लागली आणि नेहमीप्रमाणे अडकली. शीळफाट्याच्या अलीकडे फोनची बॅटरी संपली.

संध्याकाळी फोन चार्ज केला तर समोर सोनेरी पदक! "नऊ किलोमीटर. उत्तम वेगात चाललात!"

मी सबनीस सरांना म्हटलं, "सर, हे मशीन वेडं आहे. बसला चालणं समजलं."

सरांनी नुसत्या बसची वेळ बघितली, बसचं अंतर बघितलं, तोंडी भागाकार केला. "मशीनची काही चूक नाही, प्रकाशराव. ताशी सहा किलोमीटर. त्या वेगाला चालणंच म्हणतात."

म्हात्रे त्याच बसमध्ये होता. तो म्हणाला, "अरे पक्या, मग मला पण एक मेडल दे ना. मी तर पूर्ण वेळ उभा होतो!"

* * *

सबनीस सरांना अपूर्णांक सहन होत नाही. एका सकाळी आम्ही सोसायटीच्या गेटपाशी पोचलो आणि फोन म्हणाला, चार पूर्णांक सत्त्याण्णव.

"पाच झाल्याशिवाय मी वर जाणार नाही," सर म्हणाले.

बाहेर कुत्र्यांची भांडणं चाललेली, म्हणून आम्ही पार्किंगमध्येच फिरायचं ठरवलं. मोकळी जागा होती ती फक्त सेक्रेटरींच्या नव्या गाडीभोवती. पुढे सर, मागे म्हात्रे, त्यामागे मी, छातीशी दोन्ही हातांत फोन धरून. तीस मीटर म्हणजे कितीसं, पण छपराखाली फोनला सिग्नल मिळेना आणि आकडा हलेना. सहा फेऱ्या झाल्या.

तळमजल्यावरच्या लेले काकू दारात येऊन बघत होत्या. आठव्या फेरीला त्या आत गेल्या आणि हळदीकुंकवाची कुयरी घेऊन बाहेर आल्या.

"अहो, गाडीची पूजा आहे हे आधी सांगायचं नाही का? मी नारळ आणला असता!"

पाच पूर्ण झाले तेव्हा गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक होतं. सेक्रेटरी अजून आम्हाला भक्त समजतात.

* * *

या निळ्या रेघेची एक वाईट खोड आहे. आपण एका जागी थांबलो की ती बिचारी गोंधळते आणि तिथल्या तिथे वळवळत राहते. नकाशावर लोकरीचा गुंता पडल्यासारखं दिसतं. मला हे माहीत नव्हतं. मंजिरीला ऋचाने सांगितलं होतं.

"अहो, हा गुंता कसला?"

"सिग्नल गेला असेल."

"रोज त्याच कोपऱ्यावर जातो? पावणेसात ते सात?"

"तिथे उंच बिल्डिंग आहे."

"बरं," म्हणाली आणि कणीक मळायला गेली. एवढ्या लवकर मी कधी सुटलेलो नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी पोचलो, तर बाकड्यावर मंजिरी बसलेली. टपरीवाला तिच्याशी अदबीने बोलत होता.

"या," ती म्हणाली. "तीन कटिंग सांगितलेत. तुमचा बिनसाखरेचा. आणि हे म्हणतात की रोजची क्रीमरोलची ऑर्डर आजपासून कॅन्सल करायची का!"

म्हात्रे आणि सबनीस सर दोघेही एकदम वर बघून माझी ती उंच बिल्डिंग शोधायला लागले.

* * *

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. म्हात्रेला कुठून तरी कळलं होतं की लोक चालून चालून नकाशावर चित्रं काढतात. "वहिनींसाठी एक हार्ट काढ. रस्त्यावर! अख्ख्या डोंबिवलीवर!"

मी रात्रभर नाही, पण लंच टाइमभर बसून रूट आखला. दोन्ही बाजूंच्या गोलाई गल्ल्यांमधून बरोबर जमल्या होत्या. खालचं टोक एका चौकात येत होतं. सकाळी गेलो तर तो चौक काँक्रीटसाठी खणलेला! पत्रे लावलेले, आत जेसीबी. वळसा घेतला तर पुढची गल्ली बंद. परत फिरलो. एका ठिकाणी तर एका काकांच्या मागच्या अंगणातून, त्यांची रीतसर परवानगी घेऊन, बाहेर पडलो.

घरी येऊन फोन मंजिरीपुढे धरला. "तुझ्यासाठी. सहा किलोमीटर चाललोय."

तिने फोन आडवा केला, उभा केला. तिचे डोळे खरंच पाणावले होते. मला वाटलं, जिंकलो.

"किती लक्षात ठेवता हो," ती म्हणाली. "करते आज भरली वांगी."

वांगी छान झाली होती. ते हार्ट होतं हे मी आजवर बोललेलो नाही, तुम्हीही कृपया तिला सांगू नका.

* * *

एक किस्सा हसण्याचा नाही, पण तो मधे आलाच.

अडीच महिने झाले, तरी सातच्या पुढे माझी मजल जाईना. मग ठाण्याला तलावपाळीला जाऊन फेऱ्या मारायच्या, सपाट आहे, तिथे दहा होतील असं ठरलं. सातव्या किलोमीटरला माझ्या डाव्या तळव्याला मुंग्या आल्या. आधी वाटलं, बूट घट्ट झाला असेल. मग बोटं कळेनाशी झाली. मी बाकावर बसलो. मला तलाव दिसत नव्हता, वडिलांचा पाय दिसत होता.

म्हात्रे खाली बसला, त्याने माझा बूट काढला, मोजा काढला आणि भर रस्त्यात माझा पाय मांडीवर घेऊन एकेक बोट दाबून बघितलं. "हे कळतंय? आणि हे?"

"कळतंय," मी म्हणालो.

"मग झालं तर. लेस काय आवळलीस रे, बैल बांधायचाय का!"

तेवढ्यात फोनमधून ती किलोमीटर सांगणारी बाई बोलली, "तुम्ही थांबला आहात. वर्कआउट संपवायचा का?"

सबनीस सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. चाळीस वर्षं वर्गावर वापरलेल्या आवाजात ते म्हणाले, "गप्प बस!"

* * *

शेवटचा रविवार उरला. सोमवारी डॉक्टर. म्हात्रे म्हणाला, "गोल गोल फिरून नाही होत तुझं. कुठेतरी पोचायचं असलं की पाय चालतात. माझ्या गावाला जाऊ, आयकडे."

गाव दिवा स्टेशनच्या पुढे, खाडीला लागून. म्हात्रेची आय ऐंशी पार केलेली, तिथेच राहते. म्हात्रे सांगायला लागला, की पूर्वी ती मासळीची टोपली डोक्यावर घेऊन रोज तिथून डोंबिवलीच्या बाजारात चालत यायची आणि चालतच परतायची. त्याने बोटाने दाखवली ती जुनी वाट वेबसाइटला मान्य होईना. मिठागरांच्या बांधावरून होती, आता तिथे बिल्डिंगी झाल्यात. क्लिक केलं की रेघ उडी मारून मोठ्या रस्त्यावर जायची. शेवटी रस्त्याने आखली. दहा किलोमीटर, वर शंभर मीटर.

बाजारातून साडेसहाला निघालो. माझ्या पाठीवर पाण्याची बाटली, ग्लुकोजची पुडी, जादा मोजे. लेस सैल. टपरी लागली, मी मान वळवली नाही. आठव्या किलोमीटरला पाय बोलायला लागला, तेव्हा म्हात्रेने न विचारता माझी सॅक काढून स्वतःच्या पाठीवर घेतली. नववा सबनीस सरांनी मोठ्याने पाढे म्हणत काढला. त्यांचाही दम गेला होता, पण एकोणतीसचा पाढा चुकला नाही.

गावाच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आलेला, हंडे-कळश्यांची रांग लागलेली. नेमका तिथे फोन वाजला. "दहा किलोमीटर!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो. डोळ्यांतून पाणी आलं तेही पुसलं नाही. दहा! एका दमात!

रांगेतली एक बाई म्हणाली, "काका, लाइन मागून आहे."

रिपोर्ट पुढे बरा आला, इंजेक्शन टळलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण ती सगळी सोमवारची गोष्ट. रविवारी आम्ही आयच्या अंगणात पोचलो तेव्हा ती सूपभर सुकट निवडत बसली होती.

"कुठशी आलाव चालत?" तिने विचारलं.

"डोंबिवलीच्या बाजारातून, आय!" म्हात्रे म्हणाला. "पक्याने दहा किलोमीटर काढले. हे बघ, मेडल मिळालं."

मी पुढे होऊन फोन दिला. आयने तो हात लांब करून धरला आणि निळ्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

"ही माजीच वाट. जरा वाकरी केलाव." मग फोन परत देत म्हणाली, "आनि आता परत चालतच जानार?"

"नाही नाही," सबनीस सर म्हणाले, "रिक्षाने."

"बरा," आय म्हणाली. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आनि येताना डोक्याव काय व्हता?"

म्हात्रेने सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. मी डोक्यावरची कॅप काढली आणि हातात धरून उभा राहिलो.