सामाईक चॅनलची राजमतीआक्का

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फारसं काही नाही. नदीकाठच्या प्राथमिक शाळेची चौथीची खोली, बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर दूधगंगेच्या पाण्याची पातळी खडूनं लिहिलेली आणि मास्तरांच्या टेबलावर एक काळा वायरलेस संच. खिडकीबाहेर परवापर्यंत ऊस होता. आज तिथं तांबडं पाणी आहे आणि उसाचे शेंडे तेवढे वर डोकावतायत. टेबलामागं साठी ओलांडलेली एक बाई इरकली लुगड्याचा पदर खांद्यावर घट्ट घेऊन, चष्मा कपाळावर चढवून बसली आहे. कर्नाटकातल्या सदलग्याच्या पंचक्रोशीत तिला राजमतीआक्का म्हणून ओळखत नाही असा माणूस विरळा.

तरुणपणी राजमती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिनं इकडची वायर काढून तिकडं खोचली की सदलग्याचा शेतकरी निपाणीच्या तंबाखूवाल्याशी बोलू लागायचा. मराठी, कानडी दोन्ही तिच्या जिभेवर सारखीच. खाकरण्यावरून ती माणूस ओळखायची. आणि तिच्या कानांत पडलेलं कुणाचं बोलणं कधी बाहेर पडलं नाही, ही तिची खरी मिळकत. निवृत्त झाल्यावर दर पावसाळ्यात पूर नियंत्रणाच्या खोलीत बसायला तिलाच बोलावणं येऊ लागलं.

तिथं गंमत अशी होती की पोलिसांचा चॅनल वेगळा, अग्निशमनवाल्यांचा वेगळा, ॲम्ब्युलन्सचा आणखी वेगळा. नदीपल्याड महाराष्ट्र, तिथल्या बचाव पथकाचा तर सगळ्यांहून निराळा. एका पुरात दोन बोटी हाकेच्या अंतरावर असूनही एकमेकींना ऐकू शकल्या नव्हत्या. त्यानंतर दोन्हीकडच्या साहेबांनी बसून ठरवलं की पाच नंबरचा चॅनल सगळ्यांचा सामाईक.

पहिल्या दिवशी त्या पाच नंबरवर नुसता आठवडी बाजार भरला. जो तो आधी नमस्कार घालायचा, मग चहापाण्याची चौकशी करायचा. पोलीस सांकेतिक आकड्यांत बोलायचे, ते बाकीच्यांना कळायचे नाहीत. राजमतीनं सगळं ऐकून घेतलं आणि बटण दाबलं.

"साहेब, आकडं तुमच्या घरच्या चॅनलवर. हितं माणसावानी बोला."

माहेरी तिच्या वडिलांची विहीर चार भाऊबंदांत सामाईक होती. ज्याची पाळी त्यानं पाणी घ्यायचं, आपलं झालं की पुढच्याला हाक मारायची आणि बाजूला व्हायचं. तोच नियम तिनं चॅनलला लावला. आपलं बोलणं झालं की "झालं" म्हणायचं आणि दुसऱ्यासाठी जागा सोडायची. आठ दिवसांत चॅनल शिस्तीला आला.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली. आक्का जैन, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण घेत नाही. म्हणून साडेपाच वाजले की कुणीतरी आठवण करायचंच, "आक्का, डबा उघडा. सूर्य काय तुमच्यासाठी थांबणार न्हाय."

त्या ऑगस्टातल्या मंगळवारी दुपारी साडेतीनला एका मळ्यातल्या घरातून सौम्या नावाच्या बाईचा फोन आला. तिचा सासरा महादेव निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं राबलेला. धुळीनं छाती निकामी झालेली. वीज जाऊन ऑक्सिजनचं यंत्र बंद पडल्यापासून तो सिलिंडरवर श्वास घेत होता आणि सिलिंडर सहापर्यंत पुरणार होता. घराभोवती कंबरभर पाणी.

राजमतीनं निरोप पाच नंबरवर घातला. पाण्यात दोन बोटी होत्या. एक अग्निशमनची, तीवर अभिनंदन. दुसरी नदीपल्याडच्या पथकाची, तीवर समर्थ.

"ऐकलं, आक्का," अभिनंदन म्हणाला.

"व्हय, आक्का, समजलं," समर्थ म्हणाला.

राजमतीनं वहीत नोंद केली आणि दुसरं काम हातात घेतलं.

पावणेपाचला सौम्याचा पुन्हा फोन. आवाज बारीक झाला होता. "आक्का, बोट कुठवर आली?"

राजमतीनं चॅनलवर विचारलं. "समर्थदादा सांगतील," अभिनंदन म्हणाला. "अभिनंदनच सांगंल की," समर्थ म्हणाला. रंगमंचावर दोन नट कधीकधी असेच एकमेकांच्या वाक्याची वाट बघत उभे राहतात.

शेवटी अभिनंदन म्हणाला, "आक्का, समर्थची बोट जवळ हुती. पावणी माणसं मदतीला आल्याती, त्यास्नी मागं सारून मी कसं पुढं घुसू?"

"आन् आम्ही म्हटलं, मळा कर्नाटकातला," समर्थ ओशाळून म्हणाला. "घरचा गडी असताना आम्ही कशाला आगावपणा करायचा?"

दोघांनी एकमेकांचा मान राखला होता. त्यात महादेवाचा सव्वा तास गेला होता. राजमतीनं वहीतली साडेतीनची नोंद पुन्हा वाचली. तिथं कुणाच्याच बोटीचं नाव नव्हतं. एक्स्चेंजात वायर निसटून मध्येच तुटलेलं बोलणं तिनं जन्मात कितीदा जोडलं असेल, पण हे तुटणं तिच्या हातून झालं होतं. आणि हे कबूल करायला सगळे ऐकत असलेल्या चॅनलखेरीज दुसरी जागा नव्हती.

"तुमची चूक न्हाय रं. कोण जाणार, त्याचं नाव मी इचारून घेतलं न्हाय. चूक माझी. आता एकानंच बोला. कोण जातंय?"

"मी, समर्थ. निघालो. झालं."

"अभिनंदन, तू?"

"आक्का, माझ्या बोटीच्या पंख्यात शेतातल्या ठिबकच्या नळ्या गुतल्याती. हालता येईना. पर वाट मला ठावं हाय. समर्थदादा, मी बोलू काय?"

"बोल की, आता काय इचारतोस!"

मग पाच नंबरवर जे झालं ते ऐकायला साऱ्या पोलिसांनी आपले घरचे चॅनल बंद केले असावेत. एका राज्याच्या बोटीतला अडकलेला माणूस दुसऱ्या राज्याच्या बोटीला पाण्याखालचं गाव दाखवत होता.

"डाव्या अंगाला पाण्याच्या मोटारीचं शेड दिसंल. त्याला वळसा घाल. सरळ जाशील तर खाली तारंचं कुंपण हाय."

"दिसलं शेड. नुसतं पत्रं वर हाय."

"तेच. आता म्होरं दोन नारळ. त्यांच्या मधनं."

"मधनं? बोट काय सायकल हाय व्हय रं?"

"जाती, दादा, जाती. उसाची ट्रॉली जाती तितनं."

राजमती एक शब्द बोलली नाही. मध्ये कुणी तोंड घातलं तर अडवायला बटणावर बोट ठेवून ती नुसती ऐकत होती. एकदाच कुणीतरी नव्यानं "नमस्कार" म्हणून सुरुवात केली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "नमस्कार उद्या."

ॲम्ब्युलन्सही ऐकत होती. समर्थ "माणूस बोटीत घेतला" म्हणाला, तेव्हा ती न सांगता बसवेश्वराच्या देवळाजवळच्या चढावर येऊन उभी राहिली होती. सहाला दहा मिनिटं कमी असताना महादेवाला नवा सिलिंडर लागला. जुन्याचा काटा शून्याला टेकला होता.

पण आक्काचं काम संपलं नव्हतं. चिकोडीच्या दवाखान्याच्या वाटेवर दोन ठिकाणी पाणी होतं. पोलीस एक एक रस्ता बघून सांगत होते, ॲम्ब्युलन्स वळत होती, आणि राजमती फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहीत होती: "जाणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगायचं." सातला ॲम्ब्युलन्सचा आवाज आला, "पोचलो. पेशंट बोलतोय, पाणी मागतोय. झालं."

खोलीत संधिप्रकाश भरला होता. डबा तसाच बांधलेला. 

मग अभिनंदननं विचारलं, "आक्का, आज आठवण करायची ऱ्हाऊनच गेली की. जेवलासा का?"

राजमतीनं खिडकीबाहेर पाहिलं. उसाच्या शेंड्यांमागं आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं. तिनं डबा बाजूला सारला आणि बटण दाबलं.

"सूर्य गेला, बाबा. सकाळी जेवीन. चॅनल मोकळा ठेवा. झालं."