काकाजींच्या तीन बादल्या

मेहकरात रोज संध्याकाळी चार ठिकाणी खाणारा आणि तरीही घरी एकदाही धड न जेवणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या घरमालकांकडे बोट दाखवीन. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. त्यांचं खरं नाव त्यांना स्वतःला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळात मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या घरातली पुढची खोली मला भाड्याने मिळाली होती. काकाजी नुकतेच जकातीच्या नाकेदारीतून रिटायर झाले होते. म्हणजे सरकारच्या मते झाले होते. त्यांच्या स्वतःच्या मते गावातली प्रत्येक वस्तू अजून त्यांच्याच नाक्यावरून जात होती. तीस वर्षं गाड्या अडवायच्या आणि मालात लोखंडी सळई खुपसून आत काय दडवलंय ते बघायचं, ही हाताची सवय जाते कुठे! घरी ज्वारीचं पोतं आलं तरी हे आधी त्यात कोपरापर्यंत हात घालायचे. माझी ट्रंक त्यांनी पहिल्याच दिवशी उघडायला लावली, आणि आत दोन धोतरं नि लोणच्याची बरणी एवढंच निघाल्यावर बिचारे फार हिरमुसले.

अशा माणसाने एका बाजाराच्या दिवशी आमच्या हलवायाला उरलेली कढी-भजी नालीत ओतताना पाहिलं. झालं! "अबे, माणसं उपाशी अन् नाली जेवून राह्यली!" अशी आरोळी ठोकून त्यांनी अर्धा बाजार गोळा केला आणि दुसऱ्या दिवसापासून तीन बादल्या घेऊन उरलेलं अन्न गोळा करायला निघाले. एक बादली सुक्याची, एक पातळाची, एक गोडाची. नदीकडच्या धर्मशाळेत निराधार म्हातारी माणसं पडून असायची, मजुरी शोधत आलेली बिऱ्हाडं असायची. सगळं तिथे जायचं. एवढा पसारा कशाला, एकच बादली पुरेल, असं मी एकदा म्हणून गेलो. काकाजी माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझ्या शिक्षणाचीच लाज वाटली. "काऊन मास्तर? गरीब झाला म्हणून त्यानं जिलेबी कढीत बुडवून खावी काय?"

पण देणार कोण? आमच्याकडे कुठलाही दुकानदार एक वेळ चोरी कबूल करील, पण माल उरला हे कबूल करणार नाही. उरला म्हणजे खपला नाही, खपला नाही म्हणजे चांगला नव्हता! आणि काकाजी तर भर गिऱ्हाइकांत रस्त्यावरूनच ओरडायचे, "काय शेठ, आज किती उरलं?" हलवाई दोन्ही हातांनी परात झाकून म्हणायचा, "काहीच नाही उरलं काकाजी, सारं साफ!" आणि परातीतून ढीगभर बुंदी डोकावत असायची. शेवटी काकाजींनी डाव बदलला. हलवायाच्या दारात उभं राहून ते समोरच्या खानावळवाल्याची स्तुती करू लागले. त्याचं मन किती मोठं, त्याने दोन बादल्या दिल्या, वगैरे. मग काय विचारता! दोघांत अशी चुरस लागली की खानावळवाला बादलीसाठी मुद्दाम जास्तीचा भात टाकू लागला. काकाजींनी भातात बोट खुपसलं, आतून चटका बसला, आणि ते भडकले. "हे उरलेलं नाही! हे आत्ता चुलीवरून उतरवलं! मले फसवून राह्यला काय बे?" असं म्हणून त्यांनी तो गरम, ताजा, सुंदर भात नापास करून परत पाठवला. धर्मशाळेतल्या लोकांना त्या दिवशी कालच्या पोळ्या मिळाल्या. तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्यांचं दुसरं तत्त्व असं, की स्वतः चाखल्याशिवाय कुणाच्या तोंडी काही द्यायचं नाही. पळीने वरून तळहातावर घ्यायचे, डोळे मिटून खायचे, हात धुवायचे आणि मग निकाल. चिवडा पास, वरण आंबलं, शेव पास पण खवट आहे, पुन्हा चाखतो. असं करत दिवेलागणीला घरी यायचे तेव्हा पोट तट्ट भरलेलं असायचं. काकू पाट मांडून, गरम भाकर थापून बसलेल्या. हे दोन घास चिवडायचे आणि म्हणायचे, "बस. आज भूकच नाही."

काकूंचा स्वभाव मुळात न बोलण्याचा, पण एकदा माझ्यापाशी बोलून गेल्या. "तीस वर्षं नाक्यावर डबा धाडला, मास्तर. मले वाटे, रिटायर झाले की माह्यासमोर बसून गरम जेवतीन. आता साऱ्या गावाचं उरलेलं संपवतात, अन् माह्याच हातचं उरते." मला फार वाईट वाटलं.

एक दिवस मात्र काकूंनी पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी केली, पातेलं भाकरींसकट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "जा, खानावळीत नेऊन द्या. तिथून तरी त्यांच्या पोटात जाईन." मीही गुपचूप नेऊन दिलं. काकाजी आले, पळीभर रस्सा तळहातावर घेतला आणि थांबले. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतल्यावर त्यांच्यातला नाकेदार जागा झाला. "हे तू नाही केलं. तुह्या बापालेही पातोडी येत नव्हती. माल कुठला, बोल!" खानावळवाला माझ्याकडे बघेना, मी छताकडे बघू लागलो. काकाजींना आपल्याच घरची चव आठवेना, याचं मला हसू येत होतं आणि रागही. उलगडा न होताच ते बादली घेऊन धर्मशाळेत गेले, मीही मागोमाग गेलो. तिथल्या एका म्हातारीने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "घरचं हाये हे. ज्याच्यासाठी केलं तो जेवलाच नाही वाटते."

काकाजी रिकाम्या बादल्या घेऊन तडक घरी परतले. घरात शिरले, पाय धुतले, थेट पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ."

"आता काय वाढू?" काकू म्हणाल्या. "सारं तर तुमच्या बादलीत गेलं!"

त्या संध्याकाळी दोघांनी सकाळची भाकर आणि ठेचा खाल्ला. काकाजींचं पोट भरलेलं असणार, पण भाकर त्यांनी पुरी संपवली. दुसऱ्या दिवसापासून चाखायचं काम माझ्याकडे आलं. काकाजी घरी गरम गरम जेवू लागले आणि माझं पोट असं काही बिघडलं की वैद्यांच्या घरचे लोक मला नावाने ओळखू लागले.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी गेलो तेव्हा काकू नव्हत्या. दिवेलागणीची वेळ होती आणि काकाजी स्वतः चुलीपुढे बसले होते. पातोड्याच करत होते, दोन माणसांच्या. "एकट्याचं करता येत नाही, मास्तर," ते म्हणाले. "अंदाजच चुकते. रोज उरते." तीन बादल्या दाराशी घासून ठेवलेल्या होत्या. त्यांनी पळीभर भाजी माझ्या तळहातावर घातली. खारट होती, पातोड्या फुटलेल्या होत्या. मी म्हणालो, पास.

"खोटं बोलून राह्यले तुम्ही," काकाजी म्हणाले, आणि हसले.

मी पाट ओढून बसलो आणि ते सगळं पातेलं त्यांच्याबरोबर बसून संपवलं. त्या दिवशी त्यांच्या घरचं बादलीत काही गेलं नाही.