गणूमामांचं माप

दुबईत अल कुसैसला आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला फायबर लावताहेत. रेझिनचा तो गोडसर, उग्र वास घरात आला आणि हमरियातली फायबरच्या कामाची आमची जुनी शेड आठवली.

तिथे रत्नागिरीचे गणूमामा रेझिन घट्ट करणारं कॅटलिस्ट नुसत्या अंदाजाने घालायचे. ऊन बघून थेंब कमी करायचे, कधी चुकायचे नाहीत. मी नवा सुपरवायझर, मला ते खुपायचं. एका दुपारी त्यांची पाठ वळताच मी बादलीत आणखी दोन झाकणं ओतली. बघता बघता धूर निघाला आणि ब्रशसकट रेझिनचा दगड झाला. सगळे हसले, मी सर्वांत मोठ्याने.

"खलास, मामा! वय झालं तुमचं."

मामा आपल्या हाताकडे बघत राहिले. पुढे गावी परत जाईपर्यंत ते रोज माप माझ्यासमोर धरायचे. "साहेब, बरोबर आहे ना?"

मी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावायचो.