टोपीवाले पिस्टन

आमच्या जुन्या गाडीनं भाऊजींच्या नव्या गाडीला हरवलं, तेव्हा मी भाऊजींच्या गाडीत बसलो होतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अकोल्याचे वकील. साठ सालाच्या आसपास त्यांनी कोरी गाडी घेतली आणि अमरावती-अकोला रस्त्यावर मला गाठून, हॉर्न वाजवून, तोंडावर धूळ उडवत पुढे जाण्याचा छंदच धरला. एकदा मी भडकलो. "तुमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीले पाहू! अमरावतीहून जो मागून पोचन, तो पंगत वाढन!" (बोलून गेल्यावर आठवलं, चढावर आपल्याला बैलगाड्या मागे टाकतात.)

मग काय, इंजिन उघडलं! गफूर मिस्त्रीनं दोन जातींचे पिस्टन समोर मांडले. एक सपाट डोक्याचे, दुसरे टोपी घातल्यासारखे वर फुगलेले. टोपीवाल्यांनी इंजिनात दाब वाढतो, ताकद वाढते, एवढं मी वाचलं होतं.

"टोपीवाले!" मी हुकूम सोडला.

"टाकतो, बाबूजी. पन इंजिन एवढं घट्ट होईन, का गाडी सुरू करायचं हँडल पहिलवानालेच फिरन."

"मी हाओ ना!" (त्या काळी शर्ट माझ्या अंगावरही खुंटीला टांगल्यासारखाच दिसे.)

पिस्टनला खालून धरणारे दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, मी बारीक आणि चकचकीत निवडले. चहा घेऊन आलेल्या सिंधूनं, माझ्या बायकोनं, एक उचलला आणि त्यावर चमचा वाजवला. टण्ण! दुसरा वाजवला. ठप्प!

"अवो, हा फुटका हाय."

"तू काय मडकं घेऊन राहिली?"

मिस्त्रीनं तो दांडा रॉकेलनं धुऊन उजेडात धरला. केसाएवढी चीर! ते सगळे परत गेले आणि जाड, काळे, कुरूप दांडे आले. सिंधूनं तेही वाजवून पाहिले. मग चारही दांडे सारख्या वजनाचे हवेत म्हणून भाजीचा तराजू इंजिनाकडे गेला. जड दांडा कानशीनं घासायचा, पुन्हा तोलायचा. घरात वांगी अंदाजानं शिजू लागली.

वास्तुशांतीच्या सकाळी भाऊजी मुद्दाम अमरावतीला हजर! "साळेबुवा, तुमची गाडी रस्त्यात मेली तं खांदा द्याले आलो."

मी छाती काढून हँडल मारलं. हँडलनं उलटा झटका दिला आणि मी थेट गाईच्या गव्हाणीत! भाऊजी हसता हसता स्वतःच्या बॉनेटवर आडवे झाले.

आता धक्का मारणंच उरलं. सिंधूला स्टेअरिंगवर बसवलं. अकोटला माहेरी ती वडिलांची जीप शेतात न्यायची. "मी 'सोड' म्हनलं का क्लच सोडजो," असं बजावून मी ढकलू लागलो. "सोड!"

गाडी डरकाळी फोडून सुटली. मी मागे धावलो. "थांब! मले घे!"

"थांबली अन् बंद पडली तं?" खिडकीतून उत्तर आलं. "तुमी या मागून!"

आणि वळणावर गाडी दिसेनाशी झाली. भाऊजींनी स्वतःच्या गाडीचं दार उघडलं. "बसा."

बडनेऱ्यापर्यंत पत्ता नाही. मूर्तिजापूरला चहावाला म्हणाला, "एक बाई गेली बापा! इमानावानी!" भाऊजींनी दात-ओठ खाल्ले. पुढच्या सरळ रस्त्यावर त्यांनी तिला गाठलं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी! मी खिडकीतून अर्धा बाहेर. "दाब, सिंधू! दाब!"

"तुमी कोन्या गाडीत बसून राहिले?" भाऊजी ओरडले.

सिंधूनं पदर खोचला आणि पाय दाबला. टोपीवाल्यांनी असा सूर लावला, की शेतातले बैल माना वर करून पाहू लागले. बघता बघता ती पुढे! आमच्या तोंडावर काळ्या मातीची धूळ आली. ती मी पेढ्यासारखी खाल्ली.

अकोल्याला पोचलो तर सिंधू दारात चहा पीत उभी. (इंजिन चालूच. बंद करायची हिंमत तिलाही नव्हती!)

दुपारी भाऊजी कमरेला पंचा बांधून पंगतीत वरणाची बादली फिरवत होते. मानाच्या पाटावर सिंधू. तिच्या शेजारी बसून मी पाहुण्यांना पिस्टन, दाब, दांडे असं सगळं हात उडवून समजावत होतो. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी कौतुकानं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, "अन् पोरी, हे गाडीत काय करत होते?"

"हे गाडीत नोयते," सिंधू पोळीवर तूप ओतत म्हणाली. "हे धक्का माराले होते."