वाढत्या अंगाची बॅट

ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही आणि अक्षर ओळ सोडून खाली घसरतं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने सांभाळून घ्यावं. माहेरी, बेळगावकडे, चौथीपर्यंत शाळा झाली, मग मला शिवणाच्या मशीनवर बसवलं. बोलणं तर मला लिहिण्याइतकंही जमत नाही.

लिहायचं आहे ते एका बाईविषयी. तिच्यावर मी फार जळले.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. बंगळूरला, बनशंकरीत एका घरात आम्ही खाली भाड्याने राहायचो आणि वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब. तिचा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, माझा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टवर. मी घरी ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे. तिला एक मुलगी, मला एक. दोघी तेरा वर्षांच्या, एकाच वर्गात आणि शाळेच्या सॉफ्टबॉलच्या एकाच टीममध्ये. या खेळातली बॅट गोल असते, मुसळासारखी. चेंडू टाकणारी मुलगी हात खालून फिरवते आणि एवढ्या जोरात सोडते की बघता बघता तो मागच्या मुलीच्या हातात जाऊन बसतो.

माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून वर जायची. खाली आली की सुरू व्हायची, काकू म्हणतात असं, काकू म्हणतात तसं. एका दुपारी मी मोजलं. एक ब्लाउज शिवून होईपर्यंत नऊ वेळा काकू झाल्या. मी तिला म्हटलं, काकूंकडेच झोपायला जा. ती म्हणाली, "जाऊ?" आणि खरंच विचारत होती.

शाळेत ती बाई खेळाच्या सरांशी इंग्रजीत बोलायची, हसायची. मी फाटकाजवळ पिशवी धरून उभी राहायचे. माझी मुलगी तिच्या बाजूला उभी असायची, माझ्या नाही.

मग बॅटची गोष्ट निघाली. राज्याच्या टीमसाठी निवड होणार होती. शाळेच्या बॅटा अ‍ॅल्युमिनियमच्या, जुन्या, पोचे आलेल्या. वरच्या बाईचा भाऊ अमेरिकेत होता आणि सुट्टीला येणार होता. तो तिकडची नवीन प्रकारची, कॉम्पोझिट बॅट आणणार होता. धातूची नाही, कसल्याशा धाग्यांचे थर चिकटवून केलेली. त्याने एक रंगीत पुस्तकही पाठवलं होतं, सगळ्या बॅटांची चित्रं असलेलं. दोन्ही मुली आणि ती त्या पुस्तकात डोकी घालून बसायच्या. मी पीठ मागायला वर गेले तरी त्यांची डोकी वर होत नव्हती.

मीच नवऱ्याला म्हटलं की आपल्या मुलीलाही तशीच पाहिजे. किंमत ऐकून तो म्हणाला, एवढ्यात सेकंडहँड मोपेड येते, निदान तिच्यावर बसता तरी येतं. पण मी हट्ट धरला. सहा हजार चारशे. वरची बाई म्हणाली, आता भाऊ भरेल, तुम्ही सावकाश द्या. महिन्याला चारशे ठरले.

लांबी किती लिहायची हे विचारायला ती स्वतः खाली आली. तिच्या मुलीसाठी एकतीस इंच ठरलं होतं. माझी मुलगी तिच्याहून बोटभर बुटकी, मनगटं काड्यांसारखी. मुलगीही एकतीसच म्हणत होती.

मी टेप गळ्यात घालून बसले होते. आयुष्यभर मी मापंच घेतली. मुलींचे कपडे मी कधी अंगाबरोबर शिवत नाही, दोन इंच जास्त धरते, दुमडून ठेवते आणि दर वर्षी उसवून सोडते. सहा हजारांची वस्तू एका वर्षात तोकडी होऊन कशी चालेल? मी म्हटलं, "तेहतीस लिहा."

ती म्हणाली, "वहिनी, बॅट वाढत्या अंगाची घ्यायची नसते. लांब आणि जड झाली की वेळेवर फिरत नाही. चेंडू थांबत नाही हो."

मला ते वेगळंच ऐकू आलं. माझ्या मुलीची बॅट तिच्या मुलीच्या बॅटीहून मोठी असू नये, असं तिला वाटतंय, असं मी मनात धरलं. आणि माझी मुलगी मान डोलवत होती, तिच्या बाजूने. त्याचा मला जास्त राग आला.

"आई मी आहे ना हिची," मी म्हटलं. "तेहतीस."

बॅटा आल्या. त्यांना आधी वापरून सैल करावं लागतं, दोन-अडीचशे चेंडू मारून, दर वेळी बॅट थोडी फिरवून. मग त्या जास्त चांगल्या चालतात. बाजूच्या साइटवर, म्हणजे मोकळ्या प्लॉटवर, दोघी रोज मारायच्या. वरच्या मुलीचा आवाज ठप्प असा भरीव यायचा. माझ्या मुलीचा कधी यायचा, कधी नाही. मी खिडकीत बसून काजं करायचे आणि स्वतःला सांगायचे, स्वल्प दिवस जाऊ देत, सवय होईल.

निवडीच्या दिवशी मी मैदानावर गेले. माझी मुलगी उभी राहिली. पहिला चेंडू गेला आणि बॅट त्याच्या मागून आली. दुसराही तसाच. तिने हात दांड्यावर वर सरकवून धरले, तेव्हा बॅटीचं टोक हलायला लागलं. वरची मुलगी कडेला उभी होती. तिने आपली बॅट पुढे केली. माझ्या मुलीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी मान हलवली. नको.

तिसऱ्या चेंडूलाही ती उशिराच पोचली. यादीत वरच्या मुलीचं नाव आलं, तिचं नाही.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. वरची बाई पुढच्या सीटवर होती. मागे वळून एक शब्द बोलली असती तर मला तिचा राग धरून बसता आलं असतं.

तीन महिने बॅट कपाटामागे पडून होती आणि मी हप्ते देत होते. मुलीने खेळणं सोडलं नाही, शाळेचीच पोचे आलेली बॅट घ्यायची. एके दिवशी मी म्हटलं, वर जाऊन त्यांची एकतीसची माग. ती म्हणाली, "मी नाही. नको तू म्हणाली होतीस, तूच विचार."

मला जिना चढायला वेळ लागला. दारातच उभी राहिले. म्हटलं, तुमची मुलगी आता उंच झाली, खांद्यांत भरली, तिला तेहतीस चालेल. आमचीला तुमची द्या. माप माझं चुकलं.

ती म्हणाली, आत या. मी आत गेले नाही. तिने बॅट आणून दिली आणि म्हणाली, ही वापरलेली आहे, दोन हजार कमी द्या.

"वापरलेलीच जास्त चालते," मी म्हटलं. "पैसे पूर्ण घ्या."

ती हसली. "तुम्ही हट्टी आहात हां, वहिनी." त्यात टोमणा नव्हता, तरी मी शोधला.

पुढच्या वर्षी माझ्या मुलीची निवड झाली. त्या दिवशी ती धावत आली, फाटक वाजलं, मी मशीन थांबवलं. पावलं माझ्या दारावरून जिन्यावर गेली. ती आधी वर गेली. मला छतावर दोघींच्या उड्या ऐकू आल्या, त्या बाईचं हसणंही. मग ती खाली आली, माझ्या गळ्यात पडली, घामेजलेली. मी तिला धरलं, पण ती दोन मिनिटं माझ्या मनातून गेली नाहीत. अजूनही गेलेली नाहीत, खोटं कशाला लिहू.

शेवटचे चारशे त्याच आठवड्यात द्यायचे होते. दोन परकरांचे पैसे यायचे होते, ते मी मागून घेतले. वर गेले, या वेळी आत जाऊन बसले. तिने चहा दिला. मी म्हटलं, माझ्यासमोर मोजा. तिने मोजले, वहीत इंग्रजीत लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. आकडे मला वाचता येतात. सहा हजार चारशे, सगळे फिटले होते.