उस्ताद कोणी म्हणायचं

रंगाकाकांना कोणी ‘उस्ताद’ म्हटलं की ते आधी कानाखाली वाजवत आणि मग कारण सांगत. दिवसभर सातपूरला वेल्डिंग, आणि गणपतीआधी संध्याकाळी गोदाकाठी आमच्या ढोलपथकाला ताशाची तालीम. हात चुकला की त्यांची काडी थेट मनगटावर बसे. मनगटं सुजत, तरी तालीम कोणी सोडत नसे. त्यांचा ताशा कडाडला की अंगावर काटा यायचा.

मी इंग्रजी शाळेतली, फारसं न बोलणारी. एकदा शेजारच्या मुलीच्या कानात कुजबुजले, “व्हर्च्युओसो आहेत!” त्यांनी ऐकलं.

“काय म्हणाली? मराठीत बोल.”

“उस्ताद.”

काडी बसलीच.

“तू म्हणून काय उपयोग? आईला आपलं पोर देखणंच दिसतं. समोरच्या पथकाच्या ताशावाल्यानं भर रस्त्यात स्वतःच्या काड्या माझ्या ताशावर ठेवल्या, तर मी उस्ताद. तोवर नुसता वाजवणारा.”

तो समोरचा ताशावाला म्हणजे पंचवटीचे भीमाण्णा. केस पिकले तरी काका त्यांच्याच काड्यांची वाट पाहत होते.

गेल्या विसर्जनाला दोन्ही पथकं चौकात समोरासमोर आली. काकांनी असं वाजवलं की बोटं फुटून ताशावर रक्ताचे थेंब उडाले. भीमाण्णा थांबले. हसले. काड्या धरलेला हात पुढे करून काकांच्या ताशाकडे झुकले. मिरवणुकीत समोरच्याच्या ताशावर ताणलेलं पान काडीनं फोडण्याची खोडी जुनीच. आमच्या पथकात ध्वज नाचवणाऱ्या विकीला तेच वाटलं. त्यानं ध्वजाचा दांडा भीमाण्णांच्या डोक्यात घातला.

मग दांडे, दगड, कमरेचे पट्टे. काका किंचाळत होते, “अरे, ठेवत होता तो! ठेवत होता!” आणि विकीलाच बुकलत होते. त्याचे दात पडले तरी थांबेनात. भीमाण्णांच्या कानातून रक्त येत होतं. त्यांच्या काड्या कोणाच्या तरी पायाखाली मोडल्या.

भीमाण्णा वाचले, पण उजवं अंग आणि वाचा गेली. काका दवाखान्यात गेले, तर भीमाण्णांच्या मुलानं त्यांना जिन्यावरून ढकललं. पुन्हा गेले, पुन्हा मार खाऊन आले.

पथकानं ‘उस्ताद रंगाकाका’ असा फलक लावला. काकांनी तो फाडला आणि पथक सोडलं. मी त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले.

“काका, ते काड्या ठेवणारच होते. सगळ्यांनी पाहिलं.”

“ठेवणार होता. ठेवल्या नाहीत. बोटभर अंतर राहिलं होतं पोरी, तेवढ्यात आम्ही त्याला मारला.”

त्यांनी काळी काच चेहऱ्यावर ओढली.

“चल, बाजूला हो. डोळे जातील.”