आंतोनकाकांची अर्धी धून

"इतकं सुरेल कशाला वाजवलंत?" मी आंतोनकाकांना दबक्या आवाजात विचारलं.

"बाई, जजसाहेबांसमोर बेसूर वाजवू?" ते दुखावून म्हणाले.

ही गोष्ट वसई कोर्टातली, दोन हजार सालानंतरची. काका वसईतल्याच पापडी गावचे, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. तुळिंजच्या एका वरातीत फर्माईश पुरी केली नाही म्हणून एका पाहुण्याने कडं घातलेल्या हाताने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. समोरचे दोन दात गेले, आणि ट्रम्पेट ओठांवर टेकवायला दातांचा आधार लागतो. तेव्हापासून काका मागच्या रांगेत ढोल बडवत होते. पक्के दात बसवून पुन्हा पुढे उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

ही केस मुळात माझ्या वडिलांकडची; ते वकील, आणि मीही. ते उन्हाळ्यात गेले. त्यांच्या खुर्चीत बसवेना, म्हणून मी शेजारी स्टूल ओढून फाइल वाचली.

गुन्हा शाबीत झाला होता. अशा वेळी कोर्ट आरोपीला, जखमी माणसाला भरपाई दे, असा आदेश देऊ शकतं. पण नुकसान पटवावं लागतं. आरोपीचे वकील म्हणाले, "कवळी बसवलीय. आता कसलं नुकसान?" म्हणून मी कोर्टाच्या परवानगीने ट्रम्पेट आणवला. काकांना सांगितलं होतं, "जसं वाजेल तसं वाजवा."

काकांनी कवळी चिकटवायची पावडर थापली आणि आठवडाभर सराव केला. धून अशी वाजली की पट्टेवाले दारात आले.

"आमचं म्हणणं संपलं, साहेब," आरोपीचे वकील खुशीत म्हणाले.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "अर्ध्यावर का थांबलात?"

"पुढे सूर वर चढतो, साहेब."

"मग चढवा."

काकांनी छाती भरून फुंकलं. एक उंच सूर, मग नुसती हवा. कवळी सुटली. काकांनी ओशाळून ती हातात घेतली.

"ढोल वाजवताना कवळीचं काय करता?" जजसाहेबांनी विचारलं.

"खिशात ठेवतो, साहेब."

आरोपीचे वकीलही हसले. भरपाई मिळाली, पक्क्या दातांच्या खर्चासकट.

नवे दात बसल्यावर काका ऑफिसात आले. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "वकीलसाहेबांना ऐकवायचं राहिलं." आणि अख्खी धून वाजवली. खालचा झेरॉक्सवाला ओरडला, "लग्न कुणाचं?" धून संपली तेव्हा मी वडिलांच्या खुर्चीत बसलेली होते.

तेव्हापासून अशिलाला कोर्टात काही करून दाखवायला सांगण्याआधी मी विचारते, सराव किती केलाय?